लिव्हर खराब झाल्यावर माणूस भ्रमिष्टासारखा का वागतो?

प्रश्न : माझे वडील ६१ वर्षांचे आहेत. तीन वर्षांपूर्वी त्यांना लिव्हर सिरॉसिस असल्याचं कळलं, दारू तेव्हापासून पूर्ण बंद आहे. गेल्या दोन महिन्यांपासून ते दिवसा झोपतात आणि रात्री घरभर फिरतात. मागच्या आठवड्यात त्यांनी आईला ओळखलं नाही, स्वयंपाकघरातच लघवी केली. दवाखान्यात नेल्यावर दोन दिवसांत पूर्ववत झाले. ‘अमोनिया वाढला होता’ एवढंच आम्हाला सांगितलं. काही नातेवाईक म्हणतात मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा, काही म्हणतात डाळ-दूध बंद करा. लिव्हरचा आणि मेंदूचा संबंध काय? हे पुन्हा होईल का?

उत्तर :

सगळ्यात आधी आईंना सांगा की वडिलांना वेड लागलेलं नाही आणि ते हे मुद्दाम करत नाहीत. अशा घरांमध्ये मी बायकोला महिनोन्‌महिने शिव्या खाताना, रात्र रात्र जागताना पाहिलं आहे, आणि शेवटी तिचीच समजूत झालेली असते की नवरा आता बदलला. तो बदललेला नसतो, त्याचा मेंदू त्या वेळी विषारी रक्तावर चाललेला असतो. या अवस्थेला हेपॅटिक एन्सेफॅलोपथी म्हणतात. आपण तिला यकृतजन्य मेंदूविकार म्हणू. यकृतविकारांत जे जे काही होतं त्यात घरच्यांना सर्वांत जास्त घाबरवणारा आणि तरीही उपचारांना सर्वांत लवकर दाद देणारा हा प्रकार आहे. तुमचे वडील दोन दिवसांत भानावर आले, यातच या आजाराची ओळख आहे. स्मृतिभ्रंशाचा रुग्ण दोन दिवसांत असा परत येत नाही.

आता संबंध काय तो पाहू. आपण खाल्लेल्या प्रथिनांवर मोठ्या आतड्यातले जंतू काम करतात तेव्हा अमोनिया तयार होतो. लहान आतड्याच्या पेशी ग्लुटामिन नावाचं अमिनो आम्ल इंधन म्हणून वापरतात, त्यातूनही बराच अमोनिया निघतो. हा अमोनिया आतड्यातल्या रक्तात मिसळतो, पण ते रक्त थेट हृदयाकडे जात नाही. ते पोर्टल व्हेन नावाच्या मोठ्या शिरेतून आधी लिव्हरमध्ये जातं. लिव्हरला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन चतुर्थांश रक्त याच वाटेने येतं. तिथे अमोनियाचं युरियात रूपांतर होतं आणि युरिया लघवीवाटे निघून जातो. हे रूपांतर कोणत्या टप्प्यांनी होतं ते क्रेब्ज आणि हेन्सेलाइट या दोन शास्त्रज्ञांनी १९३२ साली उलगडलं.

सिरॉसिसमध्ये दोन गोष्टी एकदम बिघडतात. काम करणाऱ्या पेशी कमी होतात, आणि लिव्हर आतून घट्ट, गाठीगाठींचं झाल्यामुळे रक्ताला त्यातून जायला अडथळा होतो. हमरस्ता बंद पडला की गाड्या गावातल्या बोळांतून वाट काढतात, तसं हे रक्त अन्ननलिकेभोवतीच्या, प्लीहेच्या आणि मूत्रपिंडाजवळच्या लहान शिरा फुगवून त्यांतून पुढे सरकतं आणि लिव्हरला वळसा घालून थेट सर्व शरीरात पोहोचतं. अन्ननलिकेतल्या याच फुगलेल्या शिरा फुटून काही जणांना रक्ताची उलटी होते. म्हणजे रक्ताची उलटी आणि हा मेंदूविकार यांचं मूळ एकच आहे.

या आडवाटेचा दोष माणसाच्या लक्षात आला त्यालाही आता शंभराहून अधिक वर्षं झाली. निकोलाय एक या रशियन शल्यविशारदाने १८७७ साली कुत्र्याची पोर्टल व्हेन लिव्हरला वगळून थेट खालच्या महाशिरेला जोडून पाहिली. पुढे १८९३ च्या सुमारास पाव्हलॉव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा कुत्र्यांचा नीट अभ्यास केला. मांस खाल्ल्यावर ही कुत्री चिडखोर होत, अडखळत चालत, त्यांना झटके येत आणि काही बेशुद्ध पडत. त्यांचं लिव्हर मुळात निरोगी होतं, रक्त फक्त त्यातून जात नव्हतं. म्हणून मी रुग्णांच्या घरच्यांना सांगतो की ‘लिव्हर किती टक्के शिल्लक आहे’ हा प्रश्न एकट्याने पुरेसा नाही. ज्यांच्या तपासण्या फार वाईट नाहीत, पण सोनोग्राफीत किंवा सीटी स्कॅनमध्ये अशी मोठी आडवाट दिसते, त्यांनाही वारंवार भ्रम होतो.

मेंदूत अमोनिया पोहोचल्यावर काय होतं? मेंदूत विचार वाहून नेणाऱ्या चेतापेशींच्या जोडीला तारकापेशी असतात, ज्यांना अ‍ॅस्ट्रोसाइट म्हणतात. मेंदूत अमोनियाचा बंदोबस्त करू शकणारी पेशी जवळजवळ हीच. ती अमोनिया ग्लुटामेटला जोडून ग्लुटामिन बनवते. अमोनिया जास्त आला की पेशीत ग्लुटामिन साठतं, ग्लुटामिनच्या मागोमाग पाणी आत ओढलं जातं आणि पेशी सुजते. सुजलेली तारकापेशी चेतापेशींची देखभाल नीट करू शकत नाही, संदेशांची देवाणघेवाण मंदावते. माणूस आधी संथ होतो, मग गोंधळतो, मग झोपेत ओढला जातो. चेतापेशी यात सहसा मोठ्या प्रमाणावर मरत नाहीत. त्यामुळेच रुग्ण परत येतो.

सिरॉसिसमध्ये ही सूज हळूहळू येते, आणि मेंदूला पेशीतले इतर काही विरघळणारे पदार्थ बाहेर टाकून तोल सांभाळायला वेळ मिळतो. पण या सांभाळण्याला मर्यादा असते. रक्तातलं सोडियम उतरलं की पाणी आत जाण्याची ओढ वाढते आणि उरलीसुरली जागाही संपते. शरीरात कुठे जंतुसंसर्ग झाला तर त्यातून निर्माण होणारा दाह मेंदूला त्याच अमोनियाबद्दल अधिक हळवा करतो. काल जेवढा अमोनिया वडील सहन करत होते तेवढाच आज ताप असताना त्यांना गुंगीत नेऊ शकतो. शिवाय मॅंगनीज हा धातू पित्तावाटे बाहेर पडायचा तो मेंदूच्या खोल भागात साठतो, आणि एमआरआयमध्ये तिथे चमक दिसते. काही रुग्णांच्या हालचाली कंपवातासारख्या मंद आणि ताठर होतात, त्यामागे बहुधा हेच असतं.

तुम्ही लिहिलेल्या गोष्टींमधली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट आईंना न ओळखणं ही नाही. दोन महिने दिवसाची झोप आणि रात्रीचं फिरणं चालू होतं, ते महत्त्वाचं. झोपेचं चक्र उलटं होणं ही बहुतेक वेळा पहिली सूचना असते, आणि ‘म्हातारपणी झोप कमी होतेच’ म्हणून ती दुर्लक्षित राहते. त्याच सुमारास हिशोब चुकतात, सुट्टे पैसे मोजायला वेळ लागतो, अक्षर बिघडतं, शर्टाची बटणं खालीवर लागतात. एरवी शांत असलेला माणूस उगाच चिडतो किंवा कारण नसताना खुशीत असतो. पुढच्या टप्प्यात वार आणि तारीख चुकते, बोलणं जड होतं, वागण्याचं भान सुटतं. त्यानंतर कुठे आहोत ते कळत नाही आणि माणूस हाक मारल्यावर तेवढा डोळे उघडतो. शेवटचा टप्पा संपूर्ण बेशुद्धीचा. डॉक्टर या चार श्रेणी मोजतात आणि त्यांच्याही आधी एक लपलेली अवस्था असते, जी बोलण्या-चालण्यात दिसत नाही, कागदावरच्या चाचण्यांत पकडली जाते.

हाताची चाचणी तुम्ही घरी करू शकता. वडिलांना दोन्ही हात समोर लांब करून पंजे मनगटात वर उचलून, बोटं पसरून धरायला सांगा, जणू समोरच्याला थांबवत आहेत. अर्ध्या मिनिटात पंजे मधूनच खाली पडून पुन्हा वर येऊ लागले तर ते या विकाराचं खास लक्षण आहे. मूत्रपिंड निकामी झाल्यावर किंवा रक्तात कार्बन डायऑक्साइड साठल्यावरही असं होतं, पण सिरॉसिसच्या रुग्णात आधी लिव्हरचाच विचार करायचा. दुसरी चाचणी याहून सोपी आहे : एका मिनिटात जमतील तेवढ्या प्राण्यांची नावं घ्यायला सांगा. दहाचा आकडाही गाठता आला नाही तर डॉक्टरांना कळवा. आणि रोज सकाळी भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटीत त्यांची सही घ्या. बिघाड सुरू झाला की सही आधी बोलते, मग माणूस. सहीतला फरक बायको किंवा मुलगी जितक्या लवकर ओळखते तितक्या लवकर आम्ही डॉक्टरही ओळखत नाही.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी मी एवढं लांब उत्तर लिहायला बसलो. ‘अमोनिया वाढला होता’ हे अर्धंच निदान आहे. तो आत्ताच का वाढला, हे शोधल्याशिवाय घरी जायचं नाही. बहुतेक वेळा या झटक्याच्या मागे काहीतरी निमित्त सापडतं, आणि ते निमित्त दूर केलं की निम्मी लढाई तिथेच संपते.

सगळ्यात साधं निमित्त म्हणजे बद्धकोष्ठ. दोन दिवस पोट साफ झालं नाही की आतड्यातल्या जंतूंना अमोनिया बनवायला तेवढा जास्त वेळ मिळतो. दुसरं जंतुसंसर्गाचं. पोटात पाणी असलेल्या रुग्णाला ताप आणि पोटदुखी नसतानाही त्या पाण्यात संसर्ग असू शकतो आणि भ्रम हेच त्याचं एकमेव लक्षण असतं. म्हणून जलोदर असलेला रुग्ण गोंधळलेल्या अवस्थेत आला की सुईने थोडं पाणी काढून तपासायलाच हवं. त्यात एका घन मिलिमीटरला २५० हून जास्त न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) निघाल्या तर जंतूंच्या कल्चर रिपोर्टची वाट न पाहता प्रतिजैविकं सुरू होतात. मागच्या आठवड्यात ही तपासणी झाली होती का ते डिस्चार्ज कार्डावर पाहा.

तिसरं निमित्त पोटातला रक्तस्राव. १०० मिलिलिटर रक्तात साधारण १५ ते २० ग्रॅम प्रथिनं असतात, तेव्हा आतड्यात साठलेलं अर्धा लिटर रक्त म्हणजे जंतूंसाठी केवढा साठा झाला याचा अंदाज करा. उलटी झाली नाही तरी संडास डांबरासारखा काळा आणि चिकट होत असेल तर तो रक्तस्राव आहे. (लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, पण चिकट आणि तशी दुर्गंधीची नसते.)

चौथं निमित्त आम्ही डॉक्टरच देतो, म्हणजे लघवी वाढवणारी औषधं. पोटातलं पाणी उतरवायला ती लागतातच. पण मात्रा जास्त झाली, किंवा जुलाब-उलट्या होत असतानाही ती चालू राहिली तर शरीर कोरडं पडतं आणि पोटॅशियम उतरतं. पोटॅशियम कमी झालं की मूत्रपिंडच अधिक अमोनिया बनवू लागतं. अशा वेळी लॅक्टुलोज हे अमोनिया बाहेर काढणारं औषध (त्याबद्दल पुढे) वाढवून उपयोग नसतो. गोळ्या थांबवून पाणी आणि पोटॅशियम भरून काढावं लागतं.

आणि पाचवं म्हणजे झोपेच्या गोळ्या. याबद्दल मला फार तळमळीने सांगायचं आहे. रात्री फिरणाऱ्या माणसाला घरचे अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपामची अर्धी गोळी देतात, कारण सगळ्यांनाच झोप हवी असते. ती अर्धी गोळी या माणसाला दोन दिवस उठू देत नाही. आजारी लिव्हरला ती वेळेत बाहेर काढता येत नाही आणि मेंदू आधीच झोपेकडे झुकलेला असतो. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, ट्रॅमाडॉल, सर्दीच्या गोळ्यांतली गुंगी आणणारी औषधं यांनाही हाच नियम. मानसोपचारतज्ज्ञांकडे जायचं असेल तर जरूर जा, पण सिरॉसिसचे सगळे कागद घेऊन जा आणि अमोनियामुळे झटका येऊन गेल्याचं पहिल्या वाक्यात सांगा. अंगदुखीसाठी डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या नकोत, त्या मूत्रपिंडाला आणि पोटाच्या अस्तराला धोका करतात. पॅरासिटामॉल दिवसाला दोन ग्रॅमच्या आत, डॉक्टरांना विचारून, चालतं.

गोंधळलेला प्रत्येक सिरॉसिसचा रुग्ण अमोनियामुळेच गोंधळलेला असतो असंही नाही. साखर अचानक उतरलेली असू शकते, ती बोटाच्या थेंबावर मिनिटात कळते. अशा रुग्णांचं रक्त नीट गोठत नाही, त्यामुळे बाथरूममध्ये पडून डोक्याला किरकोळ मार लागला तरी मेंदूभोवती रक्त साठू शकतं. पडल्याची शंका असेल किंवा एकच हात-पाय लुळा वाटत असेल तर सीटी स्कॅन करायलाच हवा. दारू पिणाऱ्यांमध्ये थायमिन या जीवनसत्त्वाच्या कमतरतेनेही भ्रम होतो, आणि दारू अचानक सोडल्यावर होणारा कंप आणि भास हा आणखी वेगळा प्रकार.

अमोनियाच्या रक्तचाचणीबद्दल थोडक्यात. हा नमुना बर्फात ठेवून लगेच तपासावा लागतो, नाहीतर नळीतच आकडा वाढतो. आकडा वाढलेला आहे पण माणूस ठणठणीत बोलतो आहे, तर उपचार आकड्यावर करायचे नाहीत. उलट माणूस गुंगीत आहे आणि आकडा नॉर्मल आहे, तर दुसरं कारण शोधायचं. चाचणीचा खरा उपयोग एवढाच. दर आठवड्याला अमोनिया तपासत बसण्यात तुमचे पैसे जातात.

औषधांत पहिलं नाव लॅक्टुलोजचं. १९६६ साली बिर्शर यांनी ते या आजारासाठी वापरलं आणि आजही सुरुवात त्यानेच होते. ही एक साखर आहे जी आपल्या लहान आतड्यात पचत नाही. ती मोठ्या आतड्यात पोहोचली की जंतू तिच्यापासून आम्लं बनवतात. आम्लधर्मी वातावरणात अमोनियाचं अमोनियममध्ये रूपांतर होतं, ते रक्तात शोषलं जात नाही आणि शौचावाटे बाहेर पडतं. साधारण १५ ते ३० मिलिलिटर दिवसातून दोन-तीनदा अशी सुरुवात असते, पण मात्रा मिलिलिटरवर ठरत नाही, शौचावर ठरते. दिवसाला दोन ते तीन मऊ शौच व्हायला हवेत. एकच झाला तर मात्रा वाढवायची, पाच-सहा पातळ झाले तर कमी करायची. जास्त जुलाबांनी शरीर कोरडं पडतं आणि आपण वर पाहिलं त्याप्रमाणे त्यातूनच पुन्हा भ्रम होतो.

हे औषध सर्वांत जास्त रुग्ण बंद करतात ते दोन कारणांनी : चव मिट्ट गोड लागते आणि पोटात वायू धरतो. लिंबू पिळलेल्या गार पाण्यातून किंवा ताकातून दिलं तर बऱ्याच जणांना चालतं. लग्नाला किंवा एसटीच्या लांब प्रवासाला जायचं म्हणून डोस चुकवला जातो आणि दुसऱ्या दिवशी माणूस दवाखान्यात येतो, हे मी नेहमी पाहतो. प्रवास असेल तर डोसच्या वेळा डॉक्टरांना विचारून पुढेमागे करा, पण चुकवू नका. दिल्लीच्या डॉक्टरांनी २००९ साली एक महत्त्वाचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकदा असा झटका येऊन बऱ्या झालेल्या रुग्णांपैकी लॅक्टुलोज चालू ठेवलेल्यांत सुमारे २० टक्क्यांना तो पुन्हा आला, न घेणाऱ्यांत जवळजवळ ४७ टक्क्यांना. ‘पुन्हा होईल का’ या तुमच्या प्रश्नाचं मला माहीत असलेलं सर्वांत प्रामाणिक उत्तर या दोन आकड्यांत आहे.

लॅक्टुलोज चालू असतानाही झटका आला तर रिफॅक्सिमिन जोडतात, ५५० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. हे प्रतिजैविक रक्तात जवळजवळ शोषलं जात नाही, आतड्यातच काम करतं. २०१० च्या मोठ्या चाचणीत सहा महिन्यांत पुन्हा झटका येण्याचं प्रमाण ४६ टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर आलं, आणि त्यातल्या बहुतेकांचं लॅक्टुलोज चालूच होतं. म्हणजे महाग गोळी मिळाली म्हणून स्वस्त औषध बंद करायचं नाही. खर्च झेपत नसेल तर ते स्पष्ट सांगा. गोळ्या दिवसाआड घेण्यापेक्षा लॅक्टुलोज नीट घेणं बरं. एल-ऑर्निथिन एल-अस्पार्टेट हे तिसरं औषध शिरेतून किंवा पुडीतून दिलं जातं, त्याचा काही रुग्णांना फायदा होतो. त्याचं स्थान या दोघांच्या मागे.

डाळ-दूध बंद करण्याचा सल्ला देणाऱ्या नातेवाइकांचा हेतू चांगला आहे, पण सल्ला जुना झाला आहे आणि आता तो नुकसान करतो. प्रथिनांतून अमोनिया तयार होतो म्हणून एके काळी डॉक्टरही रुग्णाला भात आणि साखरपाण्यावर ठेवत. पण लिव्हर थकल्यावर अमोनियाची विल्हेवाट लावणारा दुसरा मोठा अवयव म्हणजे आपले स्नायू. उपाशी ठेवलं की शरीर स्नायू तोडून खातं, त्यातूनही अमोनिया निघतो आणि तो सामावून घेणारी जागाही कमी होते. बार्सिलोनात २००४ साली झालेल्या अभ्यासात प्रथिनं तोडलेल्या रुग्णांना काहीच फायदा झाला नाही, उलट त्यांच्या शरीरातली प्रथिनांची मोडतोड वाढली. दंडाचे आणि मांड्यांचे स्नायू झडलेल्या रुग्णाला हा त्रास जास्त होतो, हे वॉर्डात रोज दिसतं.

म्हणून वडिलांना किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं रोज हवीत. पोटात पाणी असेल तर ते वगळून वजन धरायचं. ६० किलोच्या माणसाला हे ७२ ते ९० ग्रॅम होतं, आणि आपल्या साध्या जेवणात ते आपोआप भरत नाही. मुगाची डाळ, मोडाची उसळ, ताक, दही, पनीर, सोयाबीन यांतली प्रथिनं या रुग्णांना मटणापेक्षा चांगली मानवतात. डाळी-उसळींबरोबर येणाऱ्या तंतूंनी पोटही साफ राहतं. अंडं खात असतील तर जरूर द्या, एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं मिळतात. दिवसात तीन मोठी जेवणं देण्यापेक्षा पाच-सहा वेळा थोडं थोडं. झोपण्याआधीचं खाणं तर औषधाइतकंच गरजेचं. सिरॉसिसच्या रुग्णाच्या लिव्हरमध्ये साखरेचा साठा फारसा नसतो, त्यामुळे त्यांची एक रात्र निरोगी माणसाच्या दोन-तीन दिवसांच्या उपासाइतकी जाते. रात्री दहाला दुधात कालवलेले पोहे, किंवा राजगिऱ्याचा लाडू आणि कपभर दूध, यांनी सकाळी बराच फरक दिसतो. मधुमेह असेल तर यातलं काय आणि किती ते आहारतज्ज्ञांना विचारा.

उपास करू देऊ नका. एकादशी असो, चातुर्मास असो, श्रावणी सोमवार असो. या विषयावर घरात वाद होतात हे मला माहीत आहे, आणि श्रद्धेच्या माणसाला हे सांगताना मलाही जड जातं. तरी निक्षून सांगतो, कारण आषाढी-कार्तिकीच्या पाठोपाठ असे रुग्ण आमच्याकडे येतात. जलोदर असेल तर मीठही कमी लागतं, म्हणजे पापड, लोणचं आणि फरसाण घराबाहेर.

हे सगळं सिरॉसिसबद्दल झालं. पण एक दुसरा प्रकार आहे ज्यात घड्याळ तासांवर चालतं. लिव्हर आधी निरोगी असलेल्या माणसाला कावीळ होते आणि काही दिवसांत किंवा आठवड्यांत तो बरळू लागतो. याला तीव्र यकृतनिकामी म्हणतात. इथे मेंदूला जुळवून घ्यायला वेळच मिळत नाही, सगळा मेंदू सुजतो, आणि कवटी बंद असल्यामुळे आतला दाब वाढत जातो. हा दाब मृत्यूचं कारण होऊ शकतो. आपल्याकडे यामागे बहुधा हिपॅटायटिस ए किंवा ई, क्षयाची औषधं, उंदीर मारण्याची पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट ही कारणं असतात. हिपॅटायटिस ई दूषित पाण्यातून पसरतो. १९५५-५६ साली दिल्लीत पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळून जी काविळीची प्रचंड साथ आली, ती याच विषाणूची होती हे अनेक वर्षांनी साठवलेल्या नमुन्यांवरून समजलं. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत हा विषाणू फार घातक ठरतो. साथीच्या काळात अशा स्त्रियांमधलं मृत्यूचं प्रमाण २० ते २५ टक्क्यांपर्यंत नोंदवलं गेलं आहे.

काविळीसाठी माळ घालायला नेणं आणि झाडपाल्याचा रस पाजणं आपल्या गावोगाव चालतं. बहुसंख्य काविळी आपोआप बऱ्या होतात आणि श्रेय माळेला जातं. ज्याची बरी होणार नसते त्याचे मात्र मोलाचे दिवस जातात. झाडपाला स्वतःही लिव्हरला इजा करू शकतो. कोविडच्या काळात गुळवेलीचा काढा घेतलेल्या काही जणांना लिव्हरची सूज आल्याचं मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ साली नोंदवलं. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नव्हता, पण पुढे देशातल्या अनेक केंद्रांतून तशाच नोंदी आल्या. तुमच्या वडिलांचं लिव्हर आधीच आजारी आहे, तेव्हा त्यांना कोणतंही ‘लिव्हर टॉनिक’ देऊ नका. आणि ओळखीत कुणाला कावीळ झाली आणि तो झोपाळू झाला किंवा विचित्र बोलू लागला, तर सकाळची वाट न पाहता प्रत्यारोपणाची सोय असलेल्या रुग्णालयात हलवा.

परत तुमच्या वडिलांकडे. असा पहिला झटका येऊन जाणं याचा अर्थ लिव्हरची राखीव ताकद संपत आली आहे, हे मी लपवणार नाही. १९९९ च्या एका स्पॅनिश अभ्यासात पहिल्या झटक्यानंतर एका वर्षाने ४२ टक्के आणि तीन वर्षांनी २३ टक्के रुग्ण हयात होते. ते रुग्ण रिफॅक्सिमिन रुळण्याच्या आधीच्या काळातले होते आणि त्यात प्रत्यारोपण धरलेलं नाही, तेव्हा हे आकडे वडिलांचं भविष्य म्हणून वाचू नका. पण प्रत्यारोपणाबद्दल बोलायची वेळ हीच, हे त्यातून घ्या. प्रतीक्षायादीत क्रम लावणाऱ्या मेल्ड गुणांत बिलिरुबिन, क्रिएटिनिन, रक्त गोठण्याचा वेळ आणि सोडियम मोजतात. मेंदूचा त्रास त्यात येत नाही, त्यामुळे गुण कमी म्हणून ‘अजून वेळ आहे’ असं समजू नका. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या विभागीय समित्यांमार्फत मेंदूमृत दात्यांच्या अवयवांचं वाटप होतं आणि नाव रुग्णालयातूनच नोंदवावं लागतं. १९९४ च्या कायद्याप्रमाणे जवळचा नातेवाईक लिव्हरचा भाग देऊ शकतो. वडिलांनी तीन वर्षं दारू सोडली आहे, ही त्यांची फार मोठी जमेची बाजू आहे. प्रत्यारोपणानंतर हा भ्रम बहुतेकांचा जातो. ज्यांना वर्षानुवर्षं झटके येत राहिले त्यांच्यात विचारांची थोडी मंदगती मागे राहू शकते, उशीर न करण्याचं हेही एक कारण. प्रत्यारोपण शक्य नसेल आणि स्कॅनमध्ये एखादी मोठी आडवाट दिसत असेल, तर निवडक रुग्णांत ती शिरेतून तार घालून बंद करता येते. त्याबद्दल विचारा.

काही व्यवहाराच्या गोष्टी राहिल्या. वडिलांना दुचाकी किंवा गाडी चालवू देऊ नका, ते चांगले दिसत असले तरी. बोलण्यात न दिसणाऱ्या त्या लपलेल्या अवस्थेतही वाट चुकते आणि ब्रेक दाबायला उशीर होतो. गॅस आणि विहिरीचा काठ या दोन ठिकाणी त्यांना एकटं सोडू नका. बँकेचे, जमिनीचे महत्त्वाचे कागद ते पूर्ण भानावर असताना, त्यांच्याशी बोलून, त्यांच्याच इच्छेने मार्गी लावा आणि खात्यावर आईंचं नाव जोडून घ्या. आईंना आठवड्यातून निदान दोन रात्री तरी सलग झोप मिळेल अशी भावंडांत पाळी लावा. रात्री जागणाऱ्या माणसाला दिवसा उन्हात बसवा, फिरवा, दुपारी झोपू देऊ नका. आणि ज्या दिवशी सही बिघडेल किंवा शौच झाला नसेल, त्या दिवशी लॅक्टुलोजचा एक जादा डोस द्यायचा की थेट यायचं, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घेऊन तो कागद औषधांच्या डब्यात ठेवा. तोंडातून औषध गिळता येत नसेल, हाक मारून उठत नसतील, ताप असेल, काळी शौच किंवा रक्ताची उलटी झाली असेल, तर घरी काहीही पाजण्याचा प्रयत्न न करता, ठसका लागू नये म्हणून त्यांना कुशीवर झोपवून १०८ ला फोन करा.